लोणावळ्याचा महसीर आणि बेतवेचे पाणी

झाशीस बदलून आलेल्या मराठी माणसाला प्रथम किल्ला दाखवितात, मग ओरछ्यास नेतात. तेथे छत्र्यांच्या पायथ्याशी बेतवा खडकांतून वाहते आणि तिच्यात महसीर आहे. गळाचा नाद असलेले, चार पिढ्या येथेच स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील एक वृद्ध स्नेही मला म्हणाले, "तुमच्या लोणावळ्याची पिले आणून माताटीलाच्या जलाशयात सोडली, तर जगतील काय?"

लोणावळ्याचा हा दख्खनी महसीर कर्नल साइक्स ह्यांनी १८३९ साली पुण्याकडील मुळा-मुठेच्या पाण्यातून शास्त्रास परिचित करून दिला. त्याच्या शास्त्रीय नावातील 'खुद्री' हा शब्द तेथल्या लोकांच्या तोंडचाच. पुढे टाटांनी घाटमाथ्यावर धरणे बांधली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईस मिळू लागली. नदीचा मासा तळ्याचा झाला. वस्तुतः महसीरास वाहते, निर्मळ पाणी हवे. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध चढून वाळूगोट्यांत अंडी घालतो, तीही रोहू-कटल्याच्या मानाने फार थोडी. भिंत आडवी आली की वाट खुंटली. तरी ह्या तळ्यांत तो टिकला, ह्याचे श्रेय तळ्यांस मिळणाऱ्या डोंगरी ओढ्यांस द्यावयास हवे.

त्याच्या अंड्यांचा अभ्यास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी ह्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. पक्व मादीचे पोट हलके दाबून अंडी काढावयाची, त्यांत नराचे रेत मिसळावयाचे आणि ती वाहत्या पाण्यावर जपावयाची, अशा रीतीने लोणावळ्यास पिले होऊ लागली व देशभर गेली. त्यांतील काही, शिकारी मंडळींच्या हौसेने, कावेरीत सोडली गेली.

तेथे ती जगली, किंबहुना फारच जगली! कावेरीचा स्वतःचा महसीर पाठीवर वशिंड असलेला, जगातील सर्वांत प्रचंड महसिरांपैकी एक; १९४६ साली काबिनीत १२० पौंडांचा धरला गेला होता. गळाने धरून पुन्हा सोडलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ पर्यंतच्या नोंदी पाहता पाहुणा वाढत गेला आणि घरधनी दिसेनासा झाला. २०१८ साली त्या घरधन्यास शास्त्रीय नाव निश्चित झाले, आणि त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली. आपल्याकडे नामकरण आणि उत्तरक्रिया कधी कधी अशी एकाच फायलीत निघते.

पाहुण्यानेच त्यास संपविले असे म्हणणे घाईचे होईल. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाचे स्फोट हेही तेथे आहेतच. परंतु बेतवेचा महसीर लोणावळ्याच्या जातीचा नाही, आणि एकदा सोडलेले पिल्लू परत मागविता येत नाही.

हे ऐकून स्नेही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तर मग येथलीच मादी धरावी." ते पटण्याजोगे आहे. तथापि परीछा, माताटीला, राजघाट अशा भिंतींमध्ये विभागलेल्या ह्या नदीत मादी आज कोणत्या ओढ्यास चढते, हे पुढच्या आषाढात काठाने हिंडूनच पाहावे लागेल.