मतदार-ओळख
मतदान केंद्रावर आलेली व्यक्ती ही मतदारयादीत नाव असलेलीच व्यक्ती होय, अशी मतदान अधिकाऱ्याने करून घ्यावयाची खातरजमा. दुसऱ्याच्या नावे मत देणे ही तोतयेगिरी होय. ती रोखणे आणि त्याच वेळी खऱ्या मतदारास मत न देता परतावे लागू नये हे पाहणे, असा या तरतुदींचा दुहेरी उद्देश आहे. भारतात ही ओळख आरंभी मुख्यतः परिचयावर व पुढे कागदपत्रांवर आधारली गेली. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरसारख्या भागात, जेथील अनेक कुटुंबे गाव व मुंबई यांत विभागलेली आहेत, या स्थित्यंतराचे महत्त्व विशेष जाणवते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या (१९५१–५२) वेळी देशात सु. १७·३ कोटी मतदार होते. ओळखीचा मूळ आधार मतदारयादी हाच असल्याने तीतील नोंद सदोष असल्यास मतदानाचा हक्कच बुडे. उत्तरेकडील काही राज्यांत स्वतःचे नाव न सांगता केवळ अमक्याची पत्नी किंवा मुलगी अशी नोंद केलेल्या सु. २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. मराठी नामपद्धतीत स्त्रीचे स्वतःचे नाव असते. परंतु विवाहानंतर मधले नाव व आडनाव बदलत असल्याने एकाच स्त्रीची नोंद माहेरी व सासरी अशी दोन ठिकाणी राहण्याचा संभव असतो.

निवडणूक नियम, १९६१ मध्ये परिचयाला मोठे स्थान आहे. मतदारास ओळखण्याच्या कामी मदतीसाठी केंद्राध्यक्षास योग्य वाटतील अशा व्यक्ती नेमता येतात. मतदाराचा अनुक्रमांक व नाव मोठ्याने उच्चारले जाते, ते उपस्थित मतदान प्रतिनिधींना आक्षेप घेता यावा म्हणून. आक्षेप घेणाऱ्याने दोन रुपये अनामत भरावयाची असते. केंद्राध्यक्ष तेथेच संक्षिप्त चौकशी करून निर्णय देतो. आक्षेप सिद्ध न झाल्यास मत देऊ दिले जाते आणि तो खोडसाळ ठरल्यास अनामत जप्त होते. यादीतील केवळ लेखनाच्या वा छपाईच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे, असाही नियम आहे.

वाशिष्ठी व शास्त्री या नद्यांच्या खाड्यांमधील गुहागर तालुक्यातील वस्ती वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहे. वाडीत प्रत्येक जण प्रत्येकास चेहऱ्याने ओळखतो. तेथे ही व्यवस्था स्वाभाविक ठरते. मात्र रोजगारासाठी मुंबईस गेलेला चाकरमानी गणपतीला वा शिमग्याला गावी येतो, आणि त्याच्या मुलांचे चेहरे गावास परिचित राहतातच असे नाही. परिचयाची ही साखळी सैल होते, तेथे कागदी पुराव्याची गरज भासू लागते.

छायाचित्रयुक्त ओळखपत्राचा पहिला मोठा प्रयोग १९६० मध्ये कलकत्त्यातील लोकसभेच्या एका पोटनिवडणुकीत झाला. परंतु पडदा पाळणाऱ्या अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढू देण्यास नकार दिल्याने व इतर अडचणींमुळे तो अपुरा राहिला. १९७९ मध्ये सिक्कीममध्ये अशी ओळखपत्रे देण्यात आली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कारकीर्दीत २८ ऑगस्ट १९९३ रोजी ती देशभर देण्याचा आदेश निघाला. ओळखपत्र जवळ नसल्यास आयोगाने मान्य केलेले पारपत्र, वाहन परवाना, आधार कार्ड, छायाचित्र असलेले बँक वा टपाल खात्याचे पासबुक इ. पर्यायी कागदपत्रे चालतात. छायाचित्रयुक्त मतदार चिठ्ठी हा एकमेव पुरावा म्हणून २०१९ पासून ग्राह्य धरला जात नाही. यादीत नाव नसेल, तर केवळ ओळखपत्रावर मत देता येत नाही.

ओळखपत्रावरून मतदार कोण हे कळते. त्याने अन्यत्र मत दिले किंवा नाही, हे कळत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू शकत नाही. १९५१ च्या अधिनियमानुसार तिने एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिल्यास तिची सर्व मते अवैध ठरतात. पूर्वी रत्नागिरी लोकसभा मतदारसंघात असलेले गुहागर २००९ च्या निवडणुकीपासून रायगड मतदारसंघात आहे. तेथे २०१९ मध्ये २३ एप्रिलला व मुंबईत २९ एप्रिलला मतदान झाले. २०२४ मध्ये या तारखा अनुक्रमे ७ मे व २० मे होत्या. दोन्ही ठिकाणी नाव राहिलेल्यास या अवधीत दोनदा मत देणे तत्त्वतः शक्य होते. अशा वेळी डाव्या तर्जनीवरील पक्की शाई हीच प्रत्यक्ष खूण. सिल्व्हर नायट्रेटयुक्त ही शाई राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने विकसित केली असून म्हैसूर येथील कारखान्यात १९६२ पासून तयार होते. २००६ पासून शाईची रेषा नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत ओढण्यात येते.

आपल्या नावे आधीच कोणी मत दिल्याचे आढळल्यास खऱ्या मतदारास समाधानकारक उत्तरे देऊन ‘प्रदत्त मत’ देता येते. ते स्वतंत्र पाकिटात ठेवले जाते व सर्वसाधारण मोजणीत धरले जात नाही. राजस्थानातील नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा निकाल २००८ मध्ये एका मताने लागला, तेव्हा अशा मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तोतयेगिरीस १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार एक वर्षापर्यंत कारावास वा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि शिक्षेने हुकलेले मत मोजणीत येत नाही. म्हणून निवडणुकीपूर्वीच यादी तपासून घेणे व स्थलांतरितांनी नाव एकाच ठिकाणी ठेवणे, हा या बाबतीतील सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.