तबेल्यातून गोठ्याकडे

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात एक उल्लेखनीय नोंद आहे. आपल्या राज्यात, त्याचप्रमाणे सीमेपलीकडील देशांतही, माणसांसाठी एक व पशूंसाठी एक अशी दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केली असून जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या आहेत, असे त्यात म्हटले आहे. गिरनारच्या खडकावर कोरलेला हा लेख पाहिला, म्हणजे मुक्या प्राण्यांच्या रोगांचा विचार या भूमीला नवा नाही, याची खात्री पटते. घोड्यांच्या वैद्यकावर शालिहोत्राचे व हत्तींच्या वैद्यकावर पालकाप्याचे नाव परंपरेने सांगितले जाते. घोड्याच्या वैद्याला पुढे छावण्यांतून ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द या शालिहोत्रावरूनच आला.

परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही नामांकित शास्त्रे घोड्याची आणि हत्तीची होती. घोडा व हत्ती ही राजाची जनावरे. कुणब्याच्या नांगराला जुंपलेल्या बैलाच्या वाट्याला मात्र बहुधा डाग देणे, झाडपाला आणि नवस एवढेच आले. पशुविज्ञानाच्या आधुनिक शिक्षणाचा इतिहास पाहू गेल्यास तोही याच वाटेने गेलेला दिसतो. ही विद्या तबेल्यात जन्मली आणि गोठ्यापर्यंत पोहोचावयास तिला दीड-दोनशे वर्षे लागली.

अठराव्या शतकात युरोपात बुळकांडीच्या साथींनी हाहाकार उडविला होता. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी. ताप, तोंडात व्रण, रक्तमिश्रित हगवण आणि आठ-दहा दिवसांत मृत्यू, असा तिचा क्रम असे. गावात ती शिरली की गोठेच्या गोठे रिते होत. अशा वेळी फ्रान्समध्ये लिआँ येथील अश्वारोहणशाळेचा प्रमुख क्लोद बूर्जला याने राजाज्ञा मिळवून १७६१ मध्ये पशुवैद्यकाची शाळा स्थापन केली. जगातील या विषयाची पहिली नियमित शिक्षणसंस्था ती हीच. संस्थापक घोड्यांचा जाणकार आणि निमित्त गुरांच्या साथीचे, हा दुहेरी वारसा या विद्येला जन्मापासूनच मिळाला.

याच लिआँच्या शाळेत शिकलेला पहिला इंग्रज विल्यम मूरक्रॉफ्ट होय. तो मूळचा मनुष्यवैद्यकाचा विद्यार्थी. गुरांच्या एका साथीची पाहणी करीत असता त्याचे मन या विषयाकडे ओढले गेले. मित्रांना हे मुळीच रुचले नाही. चांगला धंदा सोडून जनावरांच्या मागे लागणे त्यांना कमीपणाचे वाटले. अखेर प्रख्यात शल्यवैद्य जॉन हंटर याचा सल्ला घेण्यात आला. वय आड आले नसते तर आपण स्वतः उद्यापासूनच या विषयाच्या अभ्यासाला लागलो असतो, असे हंटरने सांगितल्याचे मूरक्रॉफ्टने लिहून ठेवले आहे. हा मूरक्रॉफ्ट १८०८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला आणि बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास केंद्राचा अधिकारी झाला. कंपनीला घोडदळासाठी उत्तम घोडे हवे होते. त्यांच्या शोधात तो लडाख, काश्मीर करीत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला, आणि परतीच्या वाटेवर १८२५ मध्ये उत्तर अफगाणिस्तानात मरण पावला. या देशातील आधुनिक पशुवैद्यकाचा आरंभ असा घोड्याच्या पाठीवर झाला.

पुढील अर्धशतकही घोड्याचेच होते. १८६२ मध्ये पुण्याला लष्करी पशुवैद्यकशाळा निघाली, तिचा उद्देश पलटणीतील घोड्यांची निगा हाच होता. मात्र हॅलन नावाच्या ज्या लष्करी अधिकाऱ्याने ही शाळा चालू केली, त्याच्याच अध्यक्षतेखाली सरकारने गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७१ मध्ये आला आणि बुळकांडी हे एखाद्या जिल्ह्याचे नव्हे, तर साऱ्या देशाचे संकट आहे, हे सरकारदरबारी प्रथमच स्पष्टपणे नोंदले गेले. बैल मेला की पेरणी बुडते आणि पेरणी बुडाली की सारा बुडतो, हा हिशेब राज्यकर्त्यांनाही समजण्यासारखा होता. १८८२ मध्ये लाहोर येथे पशुवैद्यक विद्यालय सुरू झाले.

मुंबईची हकिगत थोडी निराळी आहे. तेथे पुढाकार लष्कराचा नव्हता, दानशूर नागरिकांचा होता. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारी संस्था शहरात १८७४ पासून काम करीत होती. ट्रामचे घोडे, मालाच्या गाड्यांचे बैल, गवळ्यांच्या म्हशी यांनी गजबजलेल्या त्या शहरात आजारी जनावरांसाठी रुग्णालयाची निकड होती. गिरण्यांचे मालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी देणगी दिली आणि परळला त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय उभे राहिले. या रुग्णालयाच्या आधारानेच २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाची स्थापना झाली. विद्यार्थ्याने पुस्तकाबरोबर रोगीही पाहावा, ही सोय अशा रीतीने तेथे पहिल्यापासून होती.

या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे होते. येथील जनावरांचा अभ्यास येथेच झाला पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. विलायतेतील पुस्तकांत हत्ती आणि उंट कोठून सापडणार? स्टील यांनी हत्तींच्या रोगांवर १८८५ मध्ये व उंटांच्या रोगांवर १८९० मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिले. घोड्यांना व उंटांना खंगवून मारणाऱ्या ‘सर्रा’ या रोगाचा सूक्ष्म परजीवी ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये पंजाबात शोधून काढला होता. त्याच रोगाचा शोध घेण्यासाठी स्टील ब्रह्मदेशात जाऊन आले होते. परळनंतर कलकत्ता आणि १९०३ मध्ये मद्रास येथेही महाविद्यालये निघाली.

या शाळांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे कोणता मार्ग होता? संस्थानिकांच्या पागा, ट्राम कंपन्यांचे तबेले यांत काहींना काम मिळे. पण बहुतेकांना सरकारी खात्यातील कनिष्ठ जागाच पत्करावी लागे. मुंबईच्या पदविकाधारकाने जिल्ह्याचा दवाखाना सांभाळावा, साथीच्या वेळी गावोगाव हिंडावे, अहवाल लिहावेत. वरिष्ठ अधिकारी मात्र विलायतेची सनद घेतलेला असावयाचा, असा नियमच पडून गेला होता. शिवाय विद्यापीठाची पदवी नव्हती. वकील पदवीधर, डॉक्टर पदवीधर, आणि गुरांचा डॉक्टर मात्र पदविकेवर समाधान मानणारा, हे शल्य पुष्कळ वर्षे टिकले. मद्रासचे महाविद्यालय १९३५-३६ च्या सुमारास विद्यापीठाशी जोडले गेले, तेव्हा देशात या विषयाच्या पदवीचा मार्ग प्रथम मोकळा झाला. लिआँची शाळा निघून तोवर पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

शिक्षणाबरोबर संशोधनाचाही पाया महाराष्ट्रातच घातला गेला. १८८९ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा सुरू झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. बुळकांडीसारख्या भयंकर रोगाचे विष वस्तीजवळ हाताळणे धोक्याचे असल्याने १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरच्या देवदारांत हलविण्यात आली. प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईस आलेल्या रॉबर्ट कॉख यांनी १८९७ मध्ये तेथे भेट दिली. पुढे १९२० नंतरच्या दशकात याच ठिकाणी जे. टी. एडवर्ड्‌स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि गुरांसाठी स्वस्त व टिकाऊ संरक्षण देणारी लस तयार झाली. मुक्तेश्वर व इज्जतनगर येथील ही संस्था आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये बुळकांडीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेण्यात आली. या मोहिमेचे मोल समजण्यासाठी तेव्हाच्या पशुवैद्याचे काम डोळ्यांपुढे आणले पाहिजे. बर्फात ठेवलेल्या लशीची पेटी घेऊन सायकलीवर, बैलगाडीतून किंवा पायी गाव गाठावयाचे. सुई टोचल्याने गाभण गाय गाभडेल, दूध आटेल अशा शंकांचे निरसन करावयाचे. आणि मग चावडीपुढे बांधलेल्या गुरांना एकेक करून लस द्यावयाची. यात प्रसिद्धी नव्हती, धनही नव्हते. साथी घटल्या, पण त्या पुरत्या हटेनात, तेव्हा १९९२ पासून मोहिमेची नव्याने आखणी झाली. भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये नोंदला गेला. २००६ मध्ये देश या रोगापासून मुक्त झाल्यास आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि २०११ मध्ये बुळकांडी साऱ्या पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे घोषित करण्यात आले. मानवाने निपटून काढलेला देवीनंतरचा हा दुसराच रोग. देवीच्या उच्चाटनाची कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. बुळकांडीच्या उच्चाटनाची वार्ता ज्यांच्या गोठ्यांसाठी हे घडले त्यांच्यापर्यंतही फारशी पोहोचली नाही.

रोग बरा करणे हे या विद्येचे एक अंग झाले. जनावर कोणत्या जातीचे असावे, त्याने काय खावे, त्याचे दूध कसे टिकवावे, हेही पशुविज्ञानच होय. १९२३ मध्ये बंगळूरला निघालेल्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय संस्थेत १९२७ मध्ये खुद्द गांधीजींनी काही दिवस शिक्षण घेतले होते. १९५५ मध्ये या संस्थेचे मुख्य केंद्र कर्नालला गेले. आणंदच्या सहकारी दूधसंघाचे व्हर्गीस कुरियन शिक्षणाने अभियंते होते आणि पुण्याजवळच्या उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था उभारून कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या दारात नेणारे मणिभाई देसाई हेही पशुवैद्य नव्हते. तथापि दोघांच्याही कार्याचा भार वाहिला तो पशुवैद्यांनी आणि पशुविज्ञानाच्या पदवीधरांनीच. पशुवैद्यकाची पदवी घेतलेल्या अमृता पटेल १९६५ मध्ये आणंदला कामास लागल्या आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या अध्यक्षा झाल्या. संकरामुळे दूध वाढले हे खरे; पण खिलार, देवणी, डांगी, गवळाऊ या आपल्या मातीतील जाती मागे पडल्या, हेही तितकेच खरे. त्यांचे जतन हाही आता या शास्त्राच्या कर्तव्याचा भाग झाला आहे.

आज बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन या पदवीस प्रवेश मिळतो आणि प्रत्यक्ष उमेदवारीसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली पशुवैद्यक परिषद त्याचे नियमन करते. नागपूरला २००० मध्ये महाराष्ट्राचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले असून परळचे जुने महाविद्यालयही त्याच्याच छत्राखाली आहे. पदवीधरांपुढील वाटाही आता अनेक आहेत. राज्याचे पशुसंवर्धन खाते, सैन्यातील अश्व व पशुवैद्यक दल, दूधसंघ, कुक्कुटपालन, लशींची निर्मिती, औषधांची चाचणी, मांसाची तपासणी, प्राणिसंग्रहालये, अभयारण्ये, संशोधन, अध्यापन आणि शहरांतील पाळीव प्राण्यांचे दवाखाने, अशी ही यादी लांबत जाते.

या विद्येचा संबंध केवळ जनावरांशी नाही, हेही आता उमगू लागले आहे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तेव्हा माणसांचे आरोग्य राखण्यासाठी पहिली धाव पशुवैद्यांनाच घ्यावी लागली. त्याच वर्षी आणखी एका शोधाची फलश्रुती झाली. गुरांच्या वेदना शमविणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात जाते आणि गिधाडे मरतात, असे सिद्ध झाल्यावर गुरांसाठी त्या औषधाच्या निर्मितीवर बंदी आली. गोठ्यात टोचलेल्या एका सुईचा परिणाम आकाशातील पाखरापर्यंत जातो, एवढी या कामाची जबाबदारी मोठी आहे.

असे असूनही मूरक्रॉफ्टच्या मित्रांचे मत अद्याप पुरते मावळलेले नाही. माणसांच्या डॉक्टरीला गुण कमी पडले म्हणून या अभ्यासाकडे वळणारे पुष्कळ असतात आणि ‘ढोरडॉक्टर’ हा शब्द कित्येकदा थट्टेनेच उच्चारला जातो. शहरातील दवाखान्यांकडे ओढा वाढतो आणि दूरच्या वाडीतील गाय अडली तर रात्री धावून येणारा माणूस मिळणे कठीण होते. २०२२ मध्ये लम्पी रोगाची साथ महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा गावोगाव लस टोचीत फिरणाऱ्या याच डॉक्टरांची वाट शेतकरी डोळ्यांत प्राण आणून पाहत होते.

बुळकांडी आज पाठ्यपुस्तकात उरली आहे. परळ किंवा नागपूर येथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो रोगी कधीच पाहावयास मिळणार नाही. त्याच्या आधी याच वर्गांत शिकून गेलेल्या, नावे न उरलेल्या माणसांनी ही कमाई त्याच्यासाठी ठेवली आहे. राजाच्या तबेल्यातून निघालेली ही विद्या त्यांनीच गोठ्यापर्यंत आणली. तिने तेथे राहावे की पुन्हा दुसऱ्या एखाद्या श्रीमंत दाराशी जाऊन उभे राहावे, याचा निर्णय आता नव्या पदवीधरांना आणि त्यांना योग्य मान व वेतन देणाऱ्या समाजाला मिळूनच करावयाचा आहे.