ख्रिस्ती उपासनेंतील अर्पणविधि : दक्षिणा कीं नैवेद्य ?

पुण्याच्या नाना पेठेंतील ख्रिस्तमंदिर, ज्यास लोक सिटी चर्च म्हणतात, तें सवाई माधवराव पेशव्यांनीं दिलेल्या जागेवर इ. स. १७९२ सालीं स्थापन झालें, ही गोष्ट अभ्यासकांस नवी नाहीं. पेशव्यांच्या लष्करांतील गोंवेकर ख्रिस्ती लोकांच्या उपासनेसाठीं ही जमीन मिळाली. सध्यांची इमारत १८५२ ची आहे. पर्वतीच्या रमण्यांतील श्रावणमासची दक्षिणा ज्या शहराच्या अंगवळणीं पडलेली, त्या शहरांत ख्रिस्ती उपासनेंतील अर्पणास ‘दक्षिणा’ किंवा ‘नैवेद्य’ म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. आमच्या मतें दोन्ही नांवें फसवीं आहेत, आणि जुन्या कागदांची सूची करणाऱ्यास तीं विशेष नडतील.

या विधीचें जुनें वर्णन जस्टिन याच्या इ. स. १५० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथांत सांपडतें. प्रार्थना आटोपल्यावर भाकर आणि पाणी व द्राक्षारस यांचा प्याला मुख्याकडे आणीत. तो उपकारस्तुति करी. मग सर्वांस वांटणी होई. ज्यांस सामर्थ्य असे ते स्वेच्छेनें द्रव्य देत, व तें मुख्यापाशीं ठेवून त्यांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा निर्वाह होई. म्हणजे हें द्रव्य उपाध्यायाचें वेतन नव्हे. दक्षिणा कर्माच्या शेवटीं, कर्म करणारास मिळते. अर्पण उपासनेच्या मध्यावर होतें.

नैवेद्याशीं साम्य अधिक आहे, हें आम्ही मान्य करतों. वाहिलेलें परत भक्तांच्या हातीं येतें. परंतु नैवेद्य सिद्ध अन्नाचा असतो व तो दाखवितांच समर्पण पुरें होतें. येथें मात्र पुढील मुख्य विधीचें साहित्य तेवढें वेगळें काढून ठेवावयाचें असतें. तेव्हां आपल्याकडील जवळचा शब्द शोधावयाचा तर तो ‘यज्ञसंभार’ हा होय. फरक इतकाच कीं, येथें यजमान एक नसून सारी मंडळी आहे. (भाकरीच्या जागीं ‘पाव’ लिहूं नये. शब्द पोर्तुगीज खरा. पण लॅटिन पंथाच्या वेदीवरील भाकर बिनखमिराची असते.)

कालभेदही ध्यानांत ठेवला पाहिजे. १५७० च्या रोमन उपासनाग्रंथांत लोकांनीं भाकर व द्राक्षारस वेदीकडे नेण्याचा विधि नाहीं. अर्पण धर्मगुरूच्या हातचें, आणि त्या वेळच्या प्रार्थनांत भाकरीस आधींच निष्कलंक बलि म्हटलेलें. ल्यूथरनें १५२३ त नेमका याच भागावर आक्षेप घेतला. पुणें लष्करांतील सेंट मेरी चर्च बिशप हेबर यांनीं १८२५ सालीं प्रतिष्ठित केलें. तेथील इंग्रजी पंथाच्या १६६२ च्या प्रार्थनाग्रंथाप्रमाणें गरिबांसाठीं जमलेलें द्रव्य पात्रांत घालून पवित्र मेजावर ठेवीत. रोमन पंथांत लोकांनीं भाकर-द्राक्षारस पुढें नेण्याची चाल १९६९ च्या सुधारणेनंतर पुन्हां सुरू झाली.

म्हणून ‘अर्पण’ या मथळ्याचा चर्चचा जमाखर्च संग्राहकाच्या हातीं आला, तर प्रथम पंथ व साल पाहावें, मग रक्कम कोणासाठीं खर्ची पडली तें पाहावें, आणि त्यानंतरच सूचींत नांव घालावें. ‘दक्षिणा’ या सदराखालीं तो गेला, तर गरिबांच्या पोषणाचा पुरावा पुरोहितवर्गाच्या उत्पन्नांत बुडून जाईल.

पेशव्यांची जमीन मात्र या विधींत मोडत नाहीं. दाता त्या मंडळीपैकीं नव्हता. तें राज्यकर्त्यानें आपल्या चाकरांच्या धर्मासाठीं केलेलें भूमिदान होय.