धुराचा हिशेब

नाशिकच्या भरभराटीचा इतिहास सांगताना आपण कारखाने मोजतो. धूर मोजीत नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे सातपूरचा माळ यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला. शेतमजुराचा मुलगा फिटर झाला, त्याची मुले शाळेत गेली. ही प्रगती खोटी असे आम्ही कामगार चळवळीतली माणसे कधीही म्हणणार नाही.

परंतु यंत्राला वीज लागते. एकलहरे येथे प्रथम १४० मेगावॉटचे दोन संच उभे राहिले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. दगडी कोळसा आगगाडीने दुरून येऊ लागला. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे : १२ किलो कार्बन पुरता जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राख डोळ्यांना दिसते. हा वायू दिसत नाही आणि गावाची शीवही मानीत नाही.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन भारताने २०२१ साली ग्लासगो येथे दिले. वचन योग्यच आहे. मात्र भट्टी विझली की चूल कोणाची विझणार, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत कामगारांसाठी न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ आम्ही असा करतो : नवे काम, त्याचे शिक्षण आणि मधल्या काळातला पगार. विजेचा लाभ साऱ्या शहराने घेतला. धुराची किंमत एकट्या कामगाराने का भरावी?