घोडेस्वारीचे बूट कसे निवडायचे? सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा चालवून बघण्याआधी हे वाचा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्त जयंतीला, शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते. तापीच्या काठावरची ही यात्रा देशभर ओळखली जाते ती घोड्यांच्या बाजारासाठी. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा... राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. गेल्या काही वर्षांत चेतक फेस्टिव्हलमुळे इथले व्हिडिओ तुमच्या मोबाईलवरही नक्की आले असतील.

ते व्हिडिओ पुन्हा एकदा बघा. पण या वेळी घोड्याकडे नको, स्वाराच्या पायाकडे बघा.

कुणी चपलेवर, कुणी सॅंडलवर, कुणी जाड तळव्याच्या स्पोर्ट्स शूजवर, तर कुणी अनवाणी. जन्मापासून घोड्यांत वाढलेल्या माणसाचं एक वेळ निभावून जातं. पण नवा घोडा, नवा स्वार आणि भोवती ढोल-ताशे असतील, तर पायात काय आहे यावर बरंच काही ठरतं.

घोडेस्वारीचे बूट म्हणजे फोटोपुरती ऐट नाही. ते का लागतात, त्यांचे प्रकार कोणते आणि विकत घेताना काय तपासायचं, हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

खरा धोका पडण्याचा नाही, अडकण्याचा आहे

घोड्यावरून पडणं वाईटच. पण त्याहून वाईट म्हणजे पडताना पाय रिकिबीत अडकणं.

असं होतं तेव्हा स्वार खाली लोंबकळतो, घोडा बिथरतो आणि पळत सुटतो. जितका पळतो तितकं मागे काहीतरी आपटतं, आणि जितकं आपटतं तितका तो आणखी पळतो. तीन-चारशे किलोचं जनावर माणसाला फरफटत नेत असेल, तर डोकं वाचवणं कठीण होतं.

पाय अडकण्याची कारणं साधारण अशी असतात :

१. बुटाला टाच नाही. चवडा पुढे सरकत जातो आणि घोट्यापर्यंत अख्खं पाऊल रिकिबीतून आरपार जातं.

२. तळव्याला खोल खाचा आहेत. ट्रेकिंगच्या बुटाची पकड डोंगरावर चांगली, पण रिकिबीत हीच पकड पाय सुटू देत नाही.

३. बूट फार रुंद आहे. गमबूट किंवा बोजड कामाचे बूट अरुंद रिकिबीत पाचरीसारखे बसतात.

४. लोंबणाऱ्या नाड्या, बक्कल किंवा सॅंडलचा पट्टा रिकिबीत गुंततो.

चांगला बूट या चारही गोष्टी टाळतो. त्याची सगळी रचना एकाच हेतूने केलेली असते : पाय रिकिबीत टिकावा, पण गरज पडली की क्षणात सुटावा.

बुटांना टाच आली ती घोड्यामुळे

आज उंच टाच म्हटलं की बायकांच्या सॅंडल डोळ्यांसमोर येतात. पण टाचेचं मूळ घोड्याच्या पाठीवर आहे. इराणमधले घोडेस्वार टाचेचे बूट घालत. रिकिबीत उभं राहून बाण मारताना टाचेमुळे पाय जागेवर राहत असे. सतराव्या शतकाच्या सुमारास ही टाच युरोपातल्या सरदार-दरकदारांनी ऐट म्हणून उचलली आणि पुढे ती फॅशन झाली.

दुसरी गोष्ट आपल्याच देशातली. घोडेस्वारीच्या तंग पँटला जगभर 'जोधपुर' म्हणतात. जोधपूरचे सर प्रताप सिंग १८९७ साली राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा ही पँट तिथे लोकांच्या नजरेत भरली असं सांगतात. तिच्याबरोबर घालायच्या घोट्यापर्यंतच्या बुटांनाही जोधपुरी बूट हेच नाव पडलं.

बुटांचे प्रकार : तुमच्यासाठी कोणता?

जोधपुरी किंवा पॅडॉक बूट. घोट्याच्या थोडे वरपर्यंत येतात. बाजूला इलॅस्टिक, पट्टा, चेन किंवा पुढे नाड्या असतात. चालायला सोपे, उन्हाळ्यात सुसह्य आणि लांब बुटांपेक्षा स्वस्त. नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी हाच पहिला पर्याय.

हाफ चॅप्स. हा बूट नाही. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीवर चढवायचं चामड्याचं किंवा कापडी आवरण आहे. रिकिबीचा पट्टा नडगीला आणि पोटरीला घासून कातडी सोलवटते, ते यामुळे टळतं. जोधपुरी बूट अधिक हाफ चॅप्स ही जोडी लांब बुटांचं बहुतेक काम करते, आणि खाली उतरल्यावर चॅप्स काढून ठेवता येतात.

लांब बूट. गुडघ्याखालपर्यंत येतात. यात ड्रेस बूट साधे, सरळ असतात. फील्ड बुटांना घोट्यापाशी नाड्या असतात, त्यामुळे घोटा मोकळा वाकतो. अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. ड्रेसाजचे बूट सर्वांत ताठ असतात. नियमित सराव किंवा स्पर्धा करणार असाल तरच या खर्चात पडा. नाहीतर ती नुसती खोगीरभरती.

काउबॉय बूट. अमेरिकी पद्धतीच्या खोगिरासाठी. तळवा गुळगुळीत, टाच स्पष्ट, त्यामुळे स्वारीला चालतात. मात्र बाजारात मिळणारे अनेक 'काउबॉय' बूट फक्त फॅशनचे असतात. तळवा उलटा करून बघा.

रबरी किंवा पीव्हीसीचे स्वारीचे बूट. स्वस्त आणि पावसाळ्याला बरे. पण हवा खेळत नाही. खानदेशातल्या उन्हाळ्यात यात पाय अक्षरशः उकडून निघतात.

विकत घेताना या ५ गोष्टी तपासा

१. टाच : साधारण २.५ सेंटीमीटर, म्हणजे इंचभर. मागे उतरती नाही, पुढच्या बाजूने सरळ कापलेली, स्पष्ट पायरीसारखी. तळवा पुढून मागे एकसलग सपाट असेल तर तो बूट बाजूला ठेवा.

२. तळवा : गुळगुळीत किंवा अगदी उथळ रेषांचा. तो चिकटवण्याबरोबर शिवलेलाही असेल तर जास्त टिकतो.

३. रुंदी : बुटाचा सर्वांत रुंद भाग मोजा. त्यात दोन्ही बाजूंना मिळून २ ते २.५ सेंटीमीटर मिळवा. रिकिबीची आतली रुंदी तेवढी हवी. बूट १० सेंटीमीटर रुंद असेल तर रिकीब १२ ते १२.५ सेंटीमीटरची. रिकीब लहान असेल तर पाय रुततो आणि फार मोठी असेल तर आरपार जातो. म्हणून बूट घ्यायला जाताना आपल्या रिकिबीचं माप कागदावर लिहून न्या.

४. घोटा : बूट घालून टाच खाली दाबा. स्वारीत टाच चवड्यापेक्षा खाली ठेवावी लागते. तेवढा घोटा वाकत नसेल तर बूट फार ताठ आहे. घोटा इकडेतिकडे डुलत असेल तर फार सैल.

५. आतली शिवण : पोटरीच्या आतल्या बाजूने हात फिरवा. जाड शिवण, उघडी चेन किंवा बक्कल तिथे असेल तर ती पायाला आणि घोड्याच्या कुशीला, दोघांनाही टोचेल.

माप कसं घ्यायचं?

ऑनलाइन मागवताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. स्वारीला घालणार तीच पँट आणि तेच मोजे घाला. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट.

- पोटरीचा घेर : सर्वांत जाड भागाभोवती टेप गुंडाळा.
- उंची : जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत.
- पावलाची लांबी : टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापाशी खूण करा आणि अंतर मोजा.

दोन्ही पाय मोजा. बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात. मोठं माप धरा.

आता नंबरांचा घोळ. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक साधारण ८.५ मिलिमीटर, तर युरोपीय पद्धतीत साधारण ६.७ मिलिमीटर. त्यामुळे एका पद्धतीचा नंबर दुसऱ्यात तंतोतंत बसत नाही. नेहमी विक्रेत्याच्या तक्त्यातलं सेंटीमीटरचं माप बघा.

लांब बुटांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. नवा चामडी बूट वापरात आला की घोट्यापाशी चुण्या पडतात आणि त्याची उंची २ ते ४ सेंटीमीटरने कमी होते. म्हणून नवेपणी तो गुडघ्यामागे किंचित टोचला तरी चालेल. पहिल्याच दिवशी अगदी बरोबर वाटलेला बूट महिन्याभरात आखूड पडतो. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. तेव्हा बोटं दुमडत असतील तर 'वापरून सैल होईल' या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका.

मुलांसाठी घेताना

'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून दोन नंबर मोठा बूट घेण्याची आपली जुनी सवय. शाळेच्या बुटाला ती चालते, घोड्यावर चालत नाही. सैल बुटात पाय सरकतो आणि रिकिबीवर ताबा राहत नाही. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे.

मुलांना लांब बूट घेऊ नका, वर्षभरात ते लहान होतात. जोधपुरी बूट घ्या. आणि मुलाचं इवलंसं पाऊल मोठ्या माणसाच्या रिकिबीत कधीही घालू नका. बूट कितीही चांगला असला तरी ते आरपार जाणारच.

बूट नसतील तर?

माथेरान, महाबळेश्वर किंवा पाचगणीला एक फेरी मारायची म्हणून कुणी बूट विकत घेणार नाही. तेव्हा एवढं करा : पुढून बंद, थोडी टाच असलेले, तळवा फार खडबडीत नसलेले बूट घाला. ऑफिसचे चामडी बूट स्पोर्ट्स शूजपेक्षा बरे. नाड्या आत खोचा. चप्पल, सॅंडल, क्रॉक्स नकोत. रिकिबीत फक्त चवडा ठेवा.

घरी मजबूत चामडी बूट असतील तर गावातल्या चर्मकाराकडून इंचभर टाच बसवून घेता येते. नुसती चिकटवू नका, खिळे मारून पक्की करून घ्या. तुटलेली टाच ही टाच नसण्यापेक्षा घातक.

घोडा स्वतःचा असेल तर खोगीरही तपासा. काही खोगिरांत रिकिबीचा पट्टा अशा कडीत अडकवलेला असतो की मागे ओढ बसली की तो सुटून येतो. पट्टा पक्का बांधलेला असेल तर बुटाची टाच आणि रिकिबीची रुंदी याबाबत अजिबात तडजोड करू नका. बाहेरच्या बाजूला रबराची कडी असलेल्या सुरक्षित रिकिबीही मिळतात. पाय अडकला की ती कडी निसटते.

बूट टिकवायचे कसे?

घोड्याच्या घामात मीठ असतं, ते चामडं कोरडं करतं. प्रत्येक स्वारीनंतर ओल्या फडक्याने पुसा. अधूनमधून सॅडल सोप लावून स्वच्छ करा आणि चामड्याचं क्रीम चोळा.

भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलेलं चामडं तडकतं. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर बुरशी हमखास धरेल. कापडी पिशवी वापरा.

नवे बूट थेट लांबच्या स्वारीला घालू नका. आधी आठवडाभर घरात रोज अर्धा तास घालून फिरा.

घोड्यावर चढण्याआधी एक मिनिट

शेवटची चाचणी दुकानात होत नाही, घोड्याजवळ होते. कुणाला तरी लगाम धरायला सांगा. रिकिबीत चवडा ठेवा, टाच खाली करा आणि पाय पटकन मागे काढा. दोन्ही पायांनी चार-पाच वेळा करा. एकदाही अडकला तर बूट किंवा रिकीब, दोन्हींतलं एक बदला. मगच स्वार व्हा.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा : आधी हेल्मेट, मग टाचेचे साधे बूट, मग हाफ चॅप्स. लांब चमकदार बूट सर्वांत शेवटी.

सारंगखेड्यात घोडा घेताना आपण त्याचे दात बघतो, भोवरे बघतो, चाल बघतो, टापा उचलून बघतो. घोड्याचे चारही पाय इतक्या बारकाईने तपासता, तर रिकिबीत जाणारे स्वतःचे दोन पायही एकदा तपासा.