ओफेलिया कोण होती? तिच्या मृत्यूची चर्चा ४०० वर्षांनंतरही का होते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये टेलर स्विफ्टचं 'द फेट ऑफ ओफेलिया' हे गाणं आलं आणि एक जुनं नाव पुन्हा सगळ्यांच्या फीडवर दिसू लागलं. ही ओफेलिया म्हणजे शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' या साधारण १६०० सालच्या नाटकातली तरुणी.

नाटकात तिचं काय होतं?

ओफेलिया ही डेन्मार्कच्या राजाचा सल्लागार पोलोनियस याची मुलगी. राजपुत्र हॅम्लेट तिला प्रेमपत्रं लिहितो. पण भाऊ लेअर्टिस आणि वडील दोघेही तिला त्याच्यापासून लांब राहायला बजावतात आणि ती ऐकते. पुढे हॅम्लेटच्या मनात काय चाललंय हे कळावं म्हणून वडील आणि राजा तिलाच त्याच्यासमोर पाठवतात आणि स्वतः लपून ऐकतात. हॅम्लेट तिचा अपमान करतो. नंतर त्याच्याच हातून पोलोनियस मारला जातो.

या धक्क्याने ओफेलियाचं मानसिक संतुलन ढासळतं. ती दरबारात गाणी म्हणते, फुलं वाटते. एरवी आज्ञेत राहणारी ही मुलगी या अवस्थेतच मनात येईल ते बोलते.

अपघात की आत्महत्या?

तिचा मृत्यू रंगमंचावर दिसत नाही. राणी येऊन सांगते, की झाडाची फांदी मोडली आणि ओफेलिया ओढ्यात पडून बुडाली. कबर खोदणाऱ्यांना मात्र ही आत्महत्या वाटते. ती मोठ्या घरातली नसती, तर तिला ख्रिस्ती पद्धतीचं दफन मिळालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. धर्मगुरूही मृत्यू संशयास्पद मानून पूर्ण विधी नाकारतो. नाटक शेवटपर्यंत ठाम उत्तर देत नाही.

चित्रापासून सिनेमापर्यंत

नाटकाच्या २० प्रवेशांपैकी फक्त ५ प्रवेशांत ती जिवंत दिसते. तरी तिची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा मृत्यूचीच आहे. जॉन एव्हरेट मिले या इंग्लिश चित्रकाराने १८५१-५२ मध्ये पाण्यावर तरंगणारी ओफेलिया रंगवली. त्यासाठी एलिझाबेथ सिडल ही मॉडेल पाण्याने भरलेल्या टबमध्ये पडून राहायची. पाणी गरम ठेवणारे दिवे एकदा विझले आणि ती आजारी पडली.

विशाल भारद्वाज यांच्या 'हैदर' (२०१४) मध्ये ओफेलियाची अर्शिया झाली. श्रद्धा कपूरने साकारलेली ही काश्मिरी पत्रकार नोकरी करते, तरीही तिच्या विश्वासाचा वापर वडीलच करतात. डेझी रिडलीच्या 'ओफेलिया' (२०१८) मध्ये तर गोष्ट तीच सांगते आणि शेवटी जिवंत राहते.

मराठीशी नातं

गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणलं. २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी नाना जोग यांच्या अनुवादावरून केलेल्या प्रयोगात सुमीत राघवन हॅम्लेट होता, तर मनवा नाईक ओफेलिया.

ती आजही जवळची का वाटते?

कोणाशी बोलायचं, कोणाला पत्रं परत करायची, हे सगळं ओफेलियासाठी दुसरेच ठरवतात. तिला काय हवंय, हे घरातलं कोणीच विचारत नाही. मृत्यूनंतरही तिच्याबद्दल राणी, कबर खोदणारे आणि धर्मगुरू बोलतात. नवी रूपांतरं तिला बोलायची संधी देतात, ती याचसाठी.