'कास्ट' या इंग्रजी शब्दाचा पूर्वेतिहास

हिंदुस्थानच्या समाजरचनेविषयीं इंग्रजींत जें विपुल लेखन झालें आहे, त्याचा मुख्य आधार 'कास्ट' हा शब्द होय. आपल्याकडील 'जात', 'ज्ञाति' व 'वर्ण' हे तिन्ही शब्द इंग्रजी लेखक पुष्कळदां या एकाच शब्दांत कोंबतात. आणि मराठी लेखक त्याचें भाषांतर 'जात' असें निःशंकपणें करितात. जुन्या कागदपत्रांचा अर्थ लावणारास हा व्यवहार महाग पडतो. तो कसा, हें त्या शब्दाच्या इतिहासावरून दिसून येईल.

हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे, संस्कृतही नव्हे. तो पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील 'कास्ता' होय. त्याचा अर्थ अवलाद, पैदास, वंश. जनावरांस तो लागे, तसाच मनुष्यांच्या कुळासही लागे. शुद्ध या अर्थाच्या 'कास्तुस' या लॅटिन शब्दापासून तो निघाला, असें पूर्वींचे कोशकार मानीत. कोरोमिनास यांनीं आपल्या स्पॅनिश व्युत्पत्तिकोशांत (१९५४-५७) पशुपक्ष्यांच्या समूहाचा वाचक अशा एका गॉथिक शब्दाकडे त्याचें मूळ नेलें. कोणतेंही मत स्वीकारिलें, तरी उपजत रक्तसंबंध हा या शब्दाचा गाभा ठरतो.

१५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, आणि येथील समाजास हा शब्द लागू करण्याचें काम तेथें चांगलेंच रुजलें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता या वैद्यानें, येथें कोणी बापाचा धंदा सोडीत नाहीं, असें सांगतांना चांभारांच्या वर्गास 'कास्ता' म्हटलें आहे. पुढें चारच वर्षांनीं, १५६७ सालीं, गोव्यास भरलेल्या धर्मपरिषदेच्या ठरावांत हाच शब्द येतो. पण तेथें भर आहे तो उच्चनीच भावावर व अन्नोदकव्यवहाराच्या निषेधावर. एकाच शहरांत एका शब्दाखालीं धंदा, पंक्तिव्यवहार व वंश या तिन्ही कल्पना अशा एकवटल्या. आपला 'जात' शब्दही 'जन्' धातूपासूनचा. आपण आंब्याची जात म्हणतों, घोड्याचीही म्हणतों. तेव्हां हें समीकरण पोर्तुगीजांस सहज सुचलें असावें. 'वर्ण' शब्दास मात्र तें मुळींच लागू पडत नाहीं.

इंग्रजींत हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभीं आला. पुढें बराच काळ त्याचें लेखन 'कास्ट' (फेंकणें) या इंग्रजी शब्दासारखेंच होई. शेवटचा 'ई' फ्रेंच वळणानें आला व तो एकोणिसाव्या शतकांत स्थिर झाला.

याच शतकांत या शब्दास कायद्याचें बळ मिळालें. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनानें, 'कास्ट'च्या प्रश्नांत न्यायालयांनीं हात घालूं नये, असें ठरविलें. ज्यास जातीनें वाळींत टाकिलें, त्याची दाद लागावयाची कीं नाहीं, हें आतां एका परकी शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिलें. १९०१ च्या खानेसुमारींत रिस्ले यांनीं जातींची सामाजिक श्रेणी लावण्याचा यत्न केला. नाकाच्या मापावरून त्यांचे वंश ठरविण्याचा त्यांचा उद्योग तर त्यापूर्वींचाच. 'कास्ता'चा जुना पैदाशीचा अर्थ येथें शास्त्राचा वेष घेऊन परत आला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या अर्थास आपल्याकडील विद्वानांनीं उत्तर दिलें. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं निघाला. १९१६ च्या मे महिन्यांत कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत डॉ. आंबेडकरांनीं वंशभेदाची उपपत्ति बाजूस सारून जातीचें मर्म अंतर्विवाहांत दाखविलें, आणि एकेरी 'कास्ट' ही वस्तु नसून जाती नेहमीं अनेकच असतात, असें प्रतिपादिलें. पुढें १९३६ सालीं वॉर्नर यांनीं अमेरिकेंतील गोऱ्याकाळ्यांच्या भेदास हाच शब्द लाविला. म्हणजे शब्दानें पुनः समुद्र ओलांडला.

भारताच्या राज्यघटनेंत पंधराव्या अनुच्छेदांत 'वंश' व 'जात' हे दोन शब्द वेगवेगळे दिले आहेत. जुन्या 'कास्ता'मध्यें जें एक होतें, तें येथें स्पष्टपणें विभक्त झालें.

संशोधकानें यावरून घ्यावयाचा बोध उघड आहे. मराठी महजरांत 'गोत' शब्द कोठें भाऊबंदांस, तर कोठें अनेक जातींचे लोक मिळून निवाडा करणाऱ्या सभेस योजिलेला आढळतो. तेथें 'कास्ट' असें भाषांतर केल्यास सबंध निवाड्याचा अर्थ पालटतो. म्हणून इंग्रजी टांचणावर विसंबून न राहतां मूळ कागदांतील शब्द जसाच्या तसा द्यावा, आणि त्याचा अर्थ त्या कागदावरूनच ठरवावा.